राहणारे आणि पाहुणे : ब्रिटनीतील प्लोझेवेत गावाचा इतिहास

पाठाचा हेतू

गावाचा इतिहास साधारणपणे दोन प्रकारच्या लोकांकडून आपल्यापर्यंत पोहोचतो. एक, गावात जन्मून तिथेच वाढलेले. दुसरे, काही दिवसांसाठी किंवा काही महिन्यांसाठी आलेले पाहुणे : प्रवासी, चित्रकार, सरकारी अधिकारी, संशोधक. दोघांच्या नोंदी खऱ्या असू शकतात, तरीही त्या जुळत नाहीत. या पाठात आपण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील प्लोझेवेत या एका गावाच्या आधारे हा फरक समजून घेणार आहोत. हे गाव निवडण्याचे कारण सरळ आहे. १९६० च्या दशकात शंभराहून अधिक संशोधकांनी या एकाच गावाचा अभ्यास केला. त्यामुळे राहणाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची संधी इथे मिळते.

मी इतिहासाचा नव्हे, अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. पण आमचे विद्यार्थी दरवर्षी प्रश्नावली घेऊन खेड्यात जातात. तुमच्यापैकी अनेक जण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून किंवा २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानातून असेच जाणार आहेत. म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे.

१. प्रदेशाची ओळख

फ्रान्सच्या नकाशात पश्चिमेकडे अटलांटिक महासागरात शिरलेला जो भूभाग दिसतो, तो ब्रिटनी. त्याच्या अगदी टोकाच्या जिल्ह्याचे नाव फिनिस्तेर, म्हणजे 'भूमीचा शेवट'. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास आजच्या इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातून आणि वेल्समधून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी इथे वस्ती केली. त्यांची ब्रेटन भाषा केल्टिक कुळातली, वेल्श आणि कॉर्निश या भाषांची जवळची बहीण. फ्रेंच ही लॅटिनमधून आलेली. त्यामुळे पॅरिसचा माणूस आणि फिनिस्तेरचा शेतकरी समोरासमोर आले तर एकमेकांचे बोलणे त्यांना मुळीच कळत नसे. ब्रिटनी हे पूर्वी स्वतंत्र सरदारी राज्य होते. १५३२ मध्ये ते फ्रान्सच्या राजसत्तेला कायमचे जोडले गेले. भारताशीही या प्रांताचा जुना संबंध आहे. १६६६ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी इथे जे बंदर उभे राहिले, त्याचे लोरियाँ हे नावच 'पूर्व दिशा' या अर्थाचे आहे.

प्लोझेवेत हे गाव ओदिएर्नच्या उपसागराच्या काठी, बिगुदेन नावाच्या भागात आहे. 'प्लो' म्हणजे ख्रिस्ती धर्मक्षेत्रातले गाव आणि पुढचा भाग देमेत या संताच्या नावावरून आलेला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या डोळ्यांसमोर गाव म्हटले की एकमेकांना चिकटलेल्या घरांचे गावठाण येते. ब्रिटनीत तसे नसते. चर्च, शाळा आणि दुकाने असलेला मधला भाग लहान असतो. त्याला 'बूर' म्हणतात. बाकीची माणसे शेतांमधून विखुरलेल्या लहान लहान वाड्यांवर राहतात. वाडीच्या नावाआधी बहुधा 'केर' हा शब्द लागतो. या सगळ्या वाड्या मिळून एक 'कम्यून' होते. निवडून आलेला मेअर आणि मंडळ तिचा कारभार पाहते. आपल्या ग्रामपंचायतीशी त्याची ढोबळ तुलना करता येईल.

२. घर, शेत आणि किनारा

१९०० च्या आसपासचे इथले शेतकऱ्याचे घर कसे होते? ग्रॅनाइट दगडाच्या भिंती, मातीची जमीन, एका टोकाला मोठी चूल आणि सगळ्या कुटुंबाला मिळून एकच मोठी खोली. भिंतीला लागून लाकडी कपाटासारखे पलंग असत. त्यांची सरकती दारे लावून आत झोपायचे. थंडी वाजत नसे आणि भरल्या घरात थोडा आडोसाही मिळे. शेते लहान, आणि त्यांच्या कडांना झाडे-झुडपे वाढलेले मातीचे उंच बांध. त्यांनी समुद्राचा वारा अडे, गुरे अडत आणि जळणही मिळे. जेवणात ओट आणि बकव्हीटच्या पिठाची लापशी व घावनासारखी पातळ धिरडी असत. समुद्राने फेकलेले शेवाळ लोक गोळा करत. काही शेतात खत म्हणून जाई. काही वाळवून किनाऱ्यावरच्या दगडी खळग्यांत जाळले जाई आणि त्याच्या राखेचे ठोकळे आयोडीन काढणाऱ्या कारखान्यांना विकले जात.

म्हणजे हे गाव त्या काळीही बाहेरच्या बाजाराशी जोडलेले होते. तरुण नौदलात भरती होत. शेजारच्या पुल्द्रेझिक गावात १९०७ मध्ये वाटाणा आणि घेवडा डबाबंद करणारा कारखाना निघाला. आसपासच्या शेतकऱ्यांना नगदी पीक मिळाले आणि बायकांना मजुरी. त्याआधी १९०२-०३ च्या सुमारास किनाऱ्यावर सार्डिन मासळी आली नाही तेव्हा उपासमारीची पाळी आली, आणि त्यातूनच या भागात क्रोशाच्या लेस विणण्याचा धंदा पसरला. पुढे पाहुण्यांना 'परंपरागत' वाटलेली ही कला अशी संकटातून, पोटासाठी वाढलेली होती.

३. लाल आणि पांढरे

ब्रिटनी म्हणजे धार्मिक आणि राजनिष्ठ, असा फ्रान्समध्ये समज होता. प्लोझेवेत मात्र 'लाल' गाव होते. लाल म्हणजे प्रजासत्ताकाच्या बाजूचे, सरकारी शाळेचे समर्थक. पांढरे म्हणजे चर्चच्या आणि जुन्या व्यवस्थेच्या बाजूचे. ही फूट मतदानापुरती नव्हती. मुले कोणत्या शाळेत जातील, सामान कोणत्या दुकानातून आणायचे, पेला कोणाकडे रिचवायचा, हे सगळे त्यावर ठरे. पांढऱ्यांच्या तोंडी सरकारी शाळेला 'सैतानाची शाळा' असे नाव होते.

झ्यूल फेरी यांच्या १८८१-८२ च्या कायद्यांनी फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. ते फक्त फ्रेंचमधून होते. ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात अनेक शाळांत लाकडी बुटासारखी एखादी वस्तू अडकवत. दुसरा कोणी ब्रेटन बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात जाई. दिवसाच्या शेवटी ज्याच्याकडे ती उरे, त्याला शिक्षा. मुलाने मुलावर पहारा ठेवायची ही रीत अनेकांच्या आठवणींत नोंदलेली आहे.

आता अवघड भाग. याच शाळेवर लाल कुटुंबांचे प्रेम होते. जमीन लहान आणि मुले पुष्कळ. शाळा शिकलेला मुलगा शिक्षक होई, टपाल खात्यात किंवा नौदलात नोकरीला लागे. प्लोझेवेतने अशी शिकलेली पिढी मोठ्या संख्येने बाहेर पाठवली. भाषा हिरावून घेणारी शाळा आणि गरिबीतून बाहेर काढणारी शाळा एकच होती. यातली एकच बाजू सांगणारा इतिहास अपुरा ठरतो.

पहिल्या महायुद्धाने या जोडणीची किंमतही वसूल केली. चर्चजवळ १९२२ मध्ये उभारलेले स्मारक रने किलिविक या शेजारच्याच गावच्या शिल्पकाराचे आहे. त्यात विजयी सैनिक नाही. उभ्या पाषाणाजवळ डोक्यावरची टोपी उतरवलेला एक म्हातारा शेतकरी आहे. तीन मुलगे आणि एक जावई युद्धात गमावलेल्या गावातल्याच एका बापावरून ते शिल्प घडवले आहे.

४. पाहुण्यांची नजर

प्लोझेवेतच्या किनाऱ्यावर एका पाहुण्याने कोरून ठेवलेला लेख आजही आहे. जानेवारी १७९७ मध्ये इंग्रजी जहाजांशी लढता लढता 'मानवी हक्क' या नावाची फ्रेंच युद्धनौका इथे फुटली आणि शेकडो माणसे बुडाली. जहाजावर कैदी असलेला पिपन नावाचा एक इंग्रज अधिकारी वाचला. १८४० मध्ये परत येऊन त्याने किनाऱ्यावरच्या प्राचीन उभ्या दगडावर त्या घटनेची नोंद कोरवली. शत्रुराष्ट्राच्या माणसाने गावाची आठवण ठेवली, असे हे दुर्मीळ उदाहरण.

सगळे पाहुणे असे नव्हते. इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग १७८८ मध्ये ब्रिटनीतून गेला. कोंबूर या ठिकाणची घाण आणि मागासलेली शेती पाहून त्याने तिची तुलना उत्तर अमेरिकेतील ह्युरॉन लोकांच्या शेतीशी केली, आणि इथल्या गढीचा मालक अशा जागी राहतो तरी कसा, असे आश्चर्य व्यक्त केले. त्याच गढीत वाढलेला लेखक शातोब्रियाँ याने पुढे आपल्या आठवणींत या शेऱ्याची दखल घेतली आणि ते आपल्या वडिलांचे घर होते, असे सांगून त्याची बाजू घेतली. राहणारा आणि पाहुणा यांचा वाद इतका जुना आहे.

शंभर वर्षांनी नजर उलटी झाली. १८८६ पासून पोल गोगँ पाँ-आवाँ या ब्रेटन गावात राहून चित्रे काढू लागला. त्याला इथे आदिम साधेपणा आणि श्रद्धा दिसली. १९०५ मध्ये पॅरिसच्या एका साप्ताहिकात बेकासीन ही भोळी ब्रेटन मोलकरीण चित्रकथेतून अवतरली आणि लोकप्रिय झाली. रानटी, पवित्र, भोळे : तिन्ही शब्द बाहेरच्यांचे.

याचे एक छोटे पण शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे बिगुदेन बायकांचे उंच लेसचे शिरोभूषण. १६७५ मध्ये चौदाव्या लुईच्या नव्या करांविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी बंड केले. शिक्षा म्हणून लांबूर, लांगिव्होआ अशा काही चर्चचे मनोरे तोडण्यात आले. आपले मनोरे पाडले म्हणून बायकांनी डोक्यावर मनोरे चढवले, अशी गोष्ट पर्यटकांना सांगितली जाते. मनोरे तोडले हे खरे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची छायाचित्रे पाहिली तर हे शिरोभूषण बरेच बुटके दिसते. तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची आली ती दोन महायुद्धांच्या दरम्यान, म्हणजे फॅशन म्हणून. जुनी वाटणारी गोष्ट जुनी आहे का, हे तपासूनच मान्य करावे.

५. १९६१ : संशोधक गावात येतात

१९६१ मध्ये फ्रेंच सरकारच्या वैज्ञानिक संशोधन विभागाच्या मदतीने प्लोझेवेतचा बहुशाखीय अभ्यास सुरू झाला. मानववंशशास्त्रज्ञ रोबेर जेसँ हे त्याचे प्रमुख होते. बिगुदेन भागात जन्मजात निखळलेल्या खुब्याचे प्रमाण जास्त होते. आपापसांत लग्ने करणारा बंदिस्त समाज असावा, अशी सुरुवातीची कल्पना होती. डॉक्टर, लोकसंख्यातज्ज्ञ, भूगोलतज्ज्ञ, इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ असे लोक १९६५ पर्यंत येत राहिले. मोजमापे घेतली गेली, चित्रपट तयार झाले, अहवालांचे ढीग लागले. सुमारे ३,८०० वस्तीच्या गावात प्रश्न विचारणारा माणूस ही रोजची गोष्ट झाली. काम पुढे गेले तसे, 'बंदिस्त गाव' ही कल्पना टिकत नाही, हेही दिसू लागले.

१९६५ मध्ये समाजशास्त्रज्ञ एद्गार मोरँ गावात राहायला आले. ठरावीक प्रश्नावलीपेक्षा गप्पा, वावर आणि रोजनिशी यांवर त्यांचा भर होता. त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये निघाले. त्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बायकांविषयी आहे. गावात आधुनिकता आणणारी गुप्त शक्ती म्हणजे स्त्रिया, असे त्यांचे निरीक्षण. नळाचे पाणी, गॅसची शेगडी, धुता येईल अशी फरशी, वेगळी झोपायची खोली ही मागणी घरातून, बायकांकडून आली. शेतकऱ्याशी लग्न करायला मुली नकार देऊ लागल्या आणि त्यातून तरुण शेतकऱ्यांची घरे बसेनात. ट्रॅक्टर हा पुरुषांचा अभिमान होता. गाव बदलले ते स्वयंपाकघरातून.

इथे थांबून विचार करा. कपाटासारखा पलंग आणि मातीची जमीन पाहून हळहळणारा पाहुणा संध्याकाळी हॉटेलात परतत असे. विहिरीवरून बादल्या आणणारी बाई परतत नव्हती. आमचे विद्यार्थी सर्वेक्षणाला जातात तेव्हा पाण्याचा प्रश्नसुद्धा बहुतेक वेळा ओसरीवर बसलेल्या पुरुषाला विचारतात. उत्तर मिळते, तक्ता भरतो, पण पाणी आणणारीचे म्हणणे त्यात येत नाही.

६. गावाचे उत्तर

मोरँ यांनी पुस्तकात गावाचे नाव बदलून 'प्लोदेमेत' असे केले होते. उपयोग झाला नाही. गावकऱ्यांनी गाव तर ओळखलेच, माणसेही ओळखली. विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी छापून आल्याने अनेक जण दुखावले. प्रकल्पातल्या काही सहकाऱ्यांनाही ते पुस्तक रुचले नाही. १९७५ मध्ये इतिहासकार आंद्रे ब्युर्गिएर यांनी सगळ्या अहवालांचा आधार घेऊन वेगळे पुस्तक लिहिले. मोरँ यांची रोजनिशी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुस्तकातील निष्कर्ष कोणत्या भेटींतून आणि गप्पांतून आले, हे ती वाचून ताडून पाहता येते.

त्याच १९७५ साली शेजारच्या पुल्द्रेझिकमधून राहणाऱ्याचा आवाज आला. गरीब, लाल कुटुंबात १९१४ मध्ये जन्मलेले आणि शिक्षक झालेले पिएर-झाकेझ एलियास यांनी 'अभिमानाचा घोडा' या अर्थाच्या नावाचे आत्मकथन लिहिले. ते फ्रान्सभर प्रचंड खपले. १९८० मध्ये क्लोद शाब्रोल यांनी त्यावर चित्रपट काढला. आम्ही गरीब होतो, पण आमच्या जगण्याला शिस्त आणि मान होता, असा त्याचा सूर.

पण राहणारेही एकमुखी नसतात. ब्रेटन कवी आणि पत्रकार झाविए ग्राल यांनी १९७७ मध्ये 'आडवा पडलेला घोडा' अशा अर्थाचे पुस्तक लिहून एलियास यांना उत्तर दिले. जिवंत संस्कृतीला तुम्ही संग्रहालयात ठेवता आणि तिचे अंत्यसंस्कार करता, असा त्यांचा रोख होता. भारतात याच काळात एम. एन. श्रीनिवास यांचे रामपुरा या गावावरचे पुस्तक आले (१९७६). त्यांची टिपणे १९७० च्या आगीत जळाली होती, म्हणून त्यांनी बराचसा भाग आठवणींतून लिहिला. पाहुण्याच्या आठवणी आणि राहणाऱ्याच्या आठवणी यांची तुलना करायला ही दोन पुस्तके चांगली जोडी आहेत.

७. काय मिळाले, काय गेले

१९५० नंतरचा बदल वेगवान होता. लहान शेते एकत्र करण्याच्या योजनेत ब्रिटनीभर बांध बुलडोझरने सपाट झाले. यंत्रांना जागा मिळाली, पण पाणी आणि माती धरून ठेवणारी कडाही गेली. आज तेच बांध पुन्हा उभारून झाडे लावण्यासाठी सरकारी पैसा खर्च होतो. हा बदलही फक्त पॅरिसने लादला असे नाही. जून १९६१ मध्ये तरुण शेतकऱ्यांनी मोर्ले शहरातले सरकारी कार्यालय ताब्यात घेतले ते चांगला भाव आणि आधुनिक बाजार मिळावा म्हणून. त्यांचे पुढारी अलेक्सी गुर्वेनेक यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये रॉस्कॉफ ते प्लिमथ अशी बोटसेवा सुरू झाली. ती भाजी इंग्लंडला नेण्यासाठी होती. परतीच्या खेपेला ती पर्यटक घेऊन आली.

भाषेचे मात्र वेगळे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रेटन बोलणारे दहा लाखांच्या आसपास होते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ ते १९६० च्या दरम्यान, आईबापांनी मुलांशी ब्रेटन बोलणे सोडले. गळ्यात वस्तू अडकवलेली पिढी आता आईबाप झाली होती, आणि आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये असे तिला वाटत होते. १९७७ मध्ये दिवान या ब्रेटन माध्यमाच्या शाळा सुरू झाल्या. तरीही २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या पाहणीत बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १,०७,००० भरली. त्यात म्हाताऱ्यांचाच भरणा मोठा. नळ नंतरही आणता आला असता. तुटलेली भाषा जोडायला मात्र शाळा, पैसा आणि एकेक पिढी खर्ची पडते आहे.

८. आजचे गाव

आज प्लोझेवेतची वस्ती सुमारे ३,००० आहे. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या अनेक गावांत बरीच घरे सुट्टीपुरती उघडतात. ऑगस्टमध्ये गर्दी, नोव्हेंबरमध्ये बंद खिडक्या. इंग्लंडहून येऊन जुनी दगडी घरे विकत घेणारेही पुष्कळ. २०२१ पासून त्यांना परवान्याशिवाय १८० दिवसांपैकी ९० दिवसच राहता येते. म्हणजे राहणारा कोण आणि पाहुणा कोण, हे आता कायदाही ठरवतो. घराला भाव आला हे विकणाऱ्याच्या पथ्यावर पडले. पण किनाऱ्यावर घर घेऊ पाहणाऱ्या स्थानिक तरुण जोडप्याला तोच भाव परवडत नाही. जुन्या घरातला पलंग आता दिवाणखान्यात पुस्तकांचे कपाट म्हणून उभा असतो.

सारांश

प्लोझेवेतच्या इतिहासातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, गाव कधीही पूर्ण बंद नसते. शेवाळाची राख, नौदल, डबाबंद वाटाणा, शाळा यांनी ते जगाशी जोडलेले होते. दुसरी, बदल बाहेरून लादलाही जातो आणि आतून मागितलाही जातो. नळ मागणारी बाई आणि मुलांशी फ्रेंच बोलणारी आई एकच असू शकते. म्हणून तिला दोष देण्याआधी तिच्यापुढे पर्याय किती होते ते पाहावे. तिसरी, लिहिलेले गावापर्यंत परत पोहोचतेच. तुम्ही गावाचा अहवाल लिहाल तेव्हा तो गावातल्या माणसाने वाचला तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न कागद सादर करण्याआधी स्वतःला विचारा. आणि शक्य असेल तर आधी त्यालाच वाचायला द्या.

स्वाध्याय

१. लाल गटाच्या कुटुंबांनी फ्रेंच शाळेचे समर्थन का केले? त्याचे भाषेवर झालेले परिणाम सांगा.

२. उंच शिरोभूषणाची दंतकथा तपासण्यासाठी कोणती साधने उपयोगी पडतील?

३. एलियास आणि ग्राल हे दोघेही ब्रेटन. त्यांच्या मतभेदाचे स्वरूप आपल्या शब्दांत मांडा.

४. आपल्या ओळखीच्या एका गावात एक गोष्ट निवडा : पाणी, रस्ता किंवा शाळा. ती कोणी मागितली, याविषयी घरातल्या एका वृद्ध स्त्रीशी आणि एका पुरुषाशी स्वतंत्रपणे बोला. दोन्ही उत्तरे न जुळवता तशीच लिहून आणा.